हिवाळ्यात पुण्याहून कोकण किनाऱ्यावर जाताना सामान कसे भरावे

डिसेंबर-जानेवारीत पुण्याहून पहाटे साडेपाचला निघालेले कुटुंब स्वेटर-कानटोपी घालून गाडीत बसते आणि त्याच दिवशी दुपारी दिवेआगरच्या वाळूत घाम पुसत उभे असते. पुण्यात या दिवसांत पहाटेचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, कधी त्याहीखाली जातो. किनाऱ्यावर मात्र रात्रीही तो साधारण अठरा-वीस अंशांच्या आसपास राहतो आणि दुपारी तीस अंश सहज ओलांडतो. सामान भरताना आपण पुण्याच्या घरातल्या गार फरशीवर उभे असतो, त्यामुळे हात आपोआप लोकरीच्या कपड्यांकडे वळतो. नवख्या प्रवाशाची बॅग बहुधा इथेच बिघडते: गरम कपड्यांनी ती फुगते आणि ओले कपडे, वाळू, खारे पाणी यांची सोय करायला तिच्यात जागाच उरत नाही. किनाऱ्यावर थंडीपेक्षा ओलाव्याचा त्रास अधिक होतो, हे एकदा लक्षात घेतले की पुढचे निर्णय सोपे होतात.

पुढील सूचना आईवडील आणि दोन मुले अशा कुटुंबाच्या, दोन मुक्काम आणि तीन दिवसांच्या, स्वतःच्या गाडीने केलेल्या सहलीसाठी आहेत. एसटीने जाणाऱ्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे तसे नमूद केले आहे.

आधी ठिकाण आणि तिथी, मग बॅग

कपाट उघडण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे मुक्काम नेमका कुठे आहे. कोकणात जायचे म्हणजे सगळीकडे एकच हवा, असे नाही. दापोली गाव समुद्रापासून फार दूर नाही, पण ते उंचावरच्या सपाटीवर वसलेले असल्यामुळे तिथली जानेवारीतली पहाट पुण्याशी स्पर्धा करते. तेच घाट उतरून मुरूड, कर्दे किंवा हर्णैला राहिलात तर एका पातळ चादरीत रात्र निभावते. दापोली गावात खोली घेतली असेल तर प्रत्येकी एक जाड स्वेटर आणि मुलांसाठी पायमोजे बरोबर हवेतच. किनाऱ्यालगत राहणार असाल तर तो स्वेटर केवळ प्रवासापुरता धरावा.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. ही माहिती पोहणाऱ्यांच्या कामाची, सामानाशी तिचा काय संबंध, असे वाटेल. परंतु तुम्ही दिवसाच्या कोणत्या प्रहरी ओले होणार हे तीच ठरवते. भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा आहे की, तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. येणारा आकडा म्हणजे भरतीची अंदाजे वेळ, आणि तिच्यापासून सुमारे सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, तर भर दुपारी ओहोटी. पौर्णिमा आणि अमावास्या पंधरावी तिथी धरली की उत्तर सव्वाअकरा येते. त्या दिवशी भरती दुपारच्या सुमारास आणि ओहोटी पहाटे व सूर्यास्ताच्या आगेमागे. भिंतीवरची दिनदर्शिका काढून दोन मिनिटांत हे पाहता येते. हिशेब स्थूल आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी स्थानिकांना विचारणे सुटत नाही; सामान भरायला मात्र एवढा अंदाज पुरतो.

समजा तुमची सहल अष्टमीच्या आगेमागे आहे. मग मोकळी, रुंद वाळू भर दुपारी मिळणार आणि मुले त्याच वेळी पाण्याकडे धावणार. म्हणून टोपी, लांब बाह्यांचे कपडे आणि सनस्क्रीन वरच्या कप्प्यात जायला हवे. सहल पौर्णिमेला असेल तर सगळे खेळ सूर्योदयाच्या आणि सूर्यास्ताच्या वेळी होतील, पाण्यातून बाहेर पडल्यावर गार वारा अंगाला लागेल, आणि तेव्हा वरच्या कप्प्यात टॉवेल व कोरडे कपडे हवेत. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी चालत जाता येते आणि हरिहरेश्वरची खडकांवरची प्रदक्षिणाही ओहोटीतच करतात. त्या दिवशी पायांत काय घालायचे हेही यावरूनच ठरते.

कपडे: एका दिवसात तीन हवा

पुण्याहून निघाल्यापासून रात्री झोपेपर्यंत तुम्ही तीन हवामानांतून जाता. पहिली हवा पुण्याची आणि घाटाची. चांदणी चौकातून पिरंगुट, पौड, मुळशी करत ताम्हिणी घाटाकडे जाताना मुळशीच्या जलाशयावर पहाटे धुके असते, चहासाठी गाडी थांबवली की हुडहुडी भरते. इथे स्वेटर, मफलर, कानटोपी हे सारे अंगावर असावे, बॅगेत नसावे. निजामपूरकडे उतरू लागताच एकेक कपडा निघायला सुरुवात होते आणि माणगावला नाश्त्यासाठी थांबेपर्यंत मागच्या सीटवर लोकरीचा ढीग साचतो. या ढिगासाठी एक रिकामी कापडी पिशवी आधीच गाडीत ठेवावी आणि ती परतीच्या प्रवासापर्यंत पुन्हा उघडू नये.

दुसरी हवा किनाऱ्यावरच्या दुपारची. इथे सुती, सैल, फिक्या रंगाचे कपडे हवेत, हे सर्वांना ठाऊक असते. पाण्यात जाताना मात्र सुती कपडा गैरसोयीचा, हे अनेकांना ठाऊक नसते. भिजलेला सुती टी-शर्ट जड होतो, अंगाला चिकटून वाऱ्यात गार पडतो आणि वाळायला अर्धा दिवस घेतो. पाण्यासाठी नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा जोड वेगळा ठेवावा. मुलांचा शाळेचा खेळाचा गणवेश या कामाला उत्तम. स्त्रियांनी जुना, आटोपशीर पंजाबी ड्रेस किंवा लेगिंग आणि लांब बाह्यांचा टॉप घ्यावा. ओढणी मात्र खोलीवरच ठेवावी, कारण लाटेत ती पायांत किंवा गळ्याशी गुंतते. जीन्स प्रवासात आणि किल्ल्यावर ठीक आहे, परंतु ती ओली झाली तर सहल संपेपर्यंत वाळणार नाही, असे गृहीत धरूनच न्यावी.

तिसरी हवा रात्रीची. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे वाहतात. सूर्य मावळल्यावर जमीन पाण्यापेक्षा लवकर थंड होते आणि रात्री उशिरापासून पहाटेपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहू लागतात. त्यांत बोचरी थंडी नसते, तरीही ओल्या केसांनी अंगणात जेवायला बसलेल्या माणसाला शिंका येतातच. यासाठी जाड स्वेटरऐवजी प्रत्येकी एक पातळ जाकीट किंवा पूर्ण बाह्यांचा सदरा पुरतो. आजी-आजोबा बरोबर असतील तर शाल घ्यावी, कारण शाल पांघरूण म्हणून चालते, गाडीत उशीखाली चालते आणि किनाऱ्यावर खुर्चीवर टाकायलाही चालते. माझ्या मते हिवाळी सहलीत शालीइतका उपयोगी कपडा दुसरा नाही, पण तरुण मंडळींना हे पटत नाही.

किती जोड न्यावेत, यावर घरोघरी वाद होतात. मोठ्यांसाठी प्रवासाचा एक (जाताना आणि येताना तोच), कोरडे दोन, पाण्यातला एक आणि झोपायचा एक, एवढे पुरते. मुलांना यात कोरडा आणि पाण्यातला प्रत्येकी एक जोड अधिक द्यावा, कारण मूल एकदा ओले झाले की दुपारी पुन्हा ओले होते आणि सकाळचा जोड तोपर्यंत वाळलेला नसतो. आतले कपडे मोजून नेण्याच्या भानगडीत पडू नये. दुप्पट न्यावेत, ते जागा खात नाहीत.

ओले आणि कोरडे: मुख्य काम हेच

आता ज्या भागाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते तिकडे वळू. जाताना बॅग नीट भरलेली असते. तिचे हाल परतताना होतात. अर्धवट वाळलेला टॉवेल, खिशात वाळू असलेली चड्डी, पट्ट्याशी चिखल अडकलेली चप्पल हे सारे घरच्या कपड्यांत कोंबले जाते आणि पुण्यात बॅग उघडल्यावर तिच्यातून कुबट वास येतो. समुद्राच्या पाण्यातले मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून खाऱ्या पाण्याने भिजलेला कपडा नुसता दोरीवर टाकला तर तो हाताला पूर्ण कोरडा कधीच लागत नाही. असा कपडा आधी गोड्या पाण्यातून काढलाच पाहिजे.

त्यासाठी पुढील वस्तू लागतात आणि त्या सगळ्या घरात किंवा तुळशीबागेत मिळतात. नायलॉनची पाच-सहा मीटर दोरी, डझनभर चिमटे, कपडे धुण्याच्या साबणाची अर्धी वडी आणि दोन मोठ्या, जाड, तोंड बांधता येणाऱ्या पिशव्या. घरगुती निवासात बादली-मग मिळतात, कपडे वाळत घालायला अंगणही मिळते, परंतु दोरी बहुधा घरमालकांच्या कपड्यांनी भरलेली असते. आपली दोरी दोन पोफळींमध्ये किंवा व्हरांड्याच्या खांबांना बांधावी, आधी विचारून. आणि एक पथ्य काटेकोर पाळावे: कपडे सूर्यास्तापूर्वी आत घ्यावेत. हिवाळ्यात कोकणात रात्री दव पडते आणि संध्याकाळी खडखडीत वाळलेला टॉवेल सकाळी पुन्हा दमट होतो. दोरी छपराखाली बांधली तर थोडा बचाव होतो.

दोन पिशव्यांची वाटणी अशी करावी. एक पिशवी भिजलेल्या पण धुतलेल्या कपड्यांची, दुसरी वाळूच्या वस्तूंची: चपला, खेळणी, बसायची चटई, पाण्यातले कपडे. वाळूची पिशवी खोलीत आणूच नये. ती गाडीच्या डिकीत किंवा व्हरांड्यात राहू द्यावी. एसटीने जाणाऱ्यांनी या पिशवीची विशेष काळजी घ्यावी, कारण तिथे ती मांडीवर किंवा शेजाऱ्याच्या पायाशी येते. तिच्या आत आणखी एक पिशवी घालून तोंड घट्ट बांधावे. भाजीच्या पातळ पिशव्यांच्या भरवशावर राहू नये, त्या शिंपल्याच्या कडेने फाटतात.

टॉवेल प्रत्येकी दोन हवेत आणि दुसरा टॉवेल म्हणजे जाड टर्किश टॉवेल नव्हे, तर पंचा. पंचा तासाभरात वाळतो, मुठीएवढ्या जागेत मावतो, डोक्याला बांधता येतो आणि त्याच्यातून वाळू सहज झटकली जाते. जाड टॉवेल वाळूला धरून ठेवतो आणि मग तीच वाळू रात्री अंथरुणात येते. घरगुती निवासांत टॉवेल मिळतीलच असे नाही, म्हणून आरक्षण करताना विचारून घ्यावे.

गाडी असेल तर पाच लिटरचा पाण्याचा एक कॅन आणि जुनी चादर डिकीत टाकावी. किनाऱ्यावरून परतताना गाडीचे दार उघडावे, मुलाला सीटच्या कडेवर पाय बाहेर सोडून बसवावे, कॅनमधले पाणी पायांवर बारीक धारेने ओतावे, पंचाने टिपावे आणि मगच पाय आत घ्यावेत. पाणी कमी असेल तर पाय आधी कोरडे होऊ द्यावेत, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवावी आणि हाताने झटकावे. पावडर त्वचेवरचा ओलावा शोषून घेते आणि बोटांच्या बेचक्यांत अडकलेली वाळू आपोआप सुटते. पावडरचा लहान डबा याच कारणासाठी वरच्या कप्प्यात ठेवावा. जुनी चादर सीटवर अंथरली की खाऱ्या पाण्याचे डाग गाडीला लागत नाहीत आणि परतल्यावर ती एकदा धुतली की काम संपते.

पायांत काय घालावे

नुसती रबरी स्लीपर घेऊन जाऊ नये. ती ओल्या वाळूत रुतते, लाटेत वाहून जाते आणि शेवाळलेल्या खडकावर घसरते. टाचेमागे पट्टा असलेली सँडल हवी. कोकणातल्या खडकांवर कालवे चिकटलेली असतात आणि त्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात. अनवाणी पाय पडला तर जखम खोल होते आणि खाऱ्या पाण्यात लवकर भरत नाही. होडीने किल्ल्यावर जाताना चढता-उतरताना बऱ्याचदा घोटाभर पाण्यात पाय घालावा लागतो, म्हणून तिथेही बूट गैरसोयीचे. बूट घ्यायचेच असतील तर एकच जोड, तोही प्रवासात पायांत घालून. स्लीपर खोलीत आणि अंगणात वापरायला ठेवावी.

ऊन, औषधे, डास

हिवाळ्यातले ऊन कोवळे असते, ही समजूत देशावरच्या सकाळपुरती खरी आहे. गुहागरच्या अक्षांशावर २१-२२ डिसेंबरलाही, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४९ अंश वर असतो. त्यात फिक्या वाळूवरून परतणारा प्रकाश आणि अंगाला सुखावणारा वारा, त्यामुळे कातडी भाजते आहे हे संध्याकाळी आंघोळीच्या वेळीच कळते. सनस्क्रीन तीस किंवा त्याहून अधिक एसपीएफचे घ्यावे, उन्हात जाण्याआधी पंधरा-वीस मिनिटे लावावे आणि दर दोन तासांनी, तसेच पाण्यातून बाहेर आल्यावर, पुन्हा लावावे. मानेची मागची बाजू, कानांच्या पाळ्या आणि पावलांचा वरचा भाग हमखास विसरला जातो. टोपीला हनुवटीखाली बांधायची नाडी असावी, नाहीतर दुपारच्या वाऱ्यात ती टोपी शोधत फिरण्यातच वेळ जातो. पुण्याच्या कोरड्या हवेत फुटलेल्या ओठांना आणि टाचांना खारे पाणी झोंबते, म्हणून निघण्याच्या चार-पाच दिवस आधीपासून त्यांना तूप किंवा व्हॅसलिन लावायला सुरुवात करावी आणि डबी बरोबर घ्यावी.

घाटात ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी घाट सुरू झाल्यावर नव्हे, तर घरून निघण्यापूर्वी घ्यायची असते. तिने झोप येते, तेव्हा चालकाने ती घेऊ नये आणि लहान मुलांना डॉक्टरांना विचारल्याखेरीज देऊ नये. बरोबर आवळासुपारी किंवा आल्याच्या वड्या, आणि न लाजता दोन-तीन जाड पिशव्या, हाताला लागतील अशा ठेवाव्यात. नेहमीची औषधे, ताप आणि जुलाबाची औषधे, ओआरएसची पाकिटे, जंतुनाशक मलम, चिकटपट्टी आणि कापूस एका डब्यात असावे. रक्तदाब-मधुमेहाची औषधे असतील तर मुक्कामापेक्षा दोन दिवस अधिकची न्यावीत. लहान गावांत औषधांचे दुकान असते, पण तुमची नेमकी गोळी तिथे असेलच असे नाही. डासांसाठी अंगाला लावायचे मलम घ्यावे; नारळी-पोफळीच्या बागांत पाणी खेळते असते, त्यामुळे हिवाळ्यातही संध्याकाळी डास असतात.

खाऊ

पुणेकर प्रवासाला निघाला की चिवडा आणि बाकरवडी बरोबर निघतेच. त्याला हरकत नाही, परंतु मोठा डबा नेऊ नये. किनाऱ्याच्या दमट हवेत चिवडा, भडंग, बिस्किटे एका संध्याकाळी सादळतात. एका वेळी संपेल एवढाच खाऊ लहान, घट्ट झाकणाच्या डब्यांत किंवा झिपच्या पाकिटांत भरावा. सादळत नाहीत अशा गोष्टी म्हणजे दशम्या, तिळाच्या वड्या, खजूर. संक्रांतीच्या सुमारास जाणार असाल तर गुळपोळ्या उत्तम टिकतात आणि घरमालकांना चार दिल्या तर त्यांनाही आनंद होतो.

जेवणाचे सामान नेण्याची गरज नाही. घरगुती खाणावळीत किती माणसे जेवणार आणि शाकाहारी किती हे आधी सांगितले की झाले. रायगड जिल्ह्यात जानेवारी-फेब्रुवारीत जात असाल तर पोपटीची चौकशी करावी: वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे (आणि चालत असेल तर अंडी, कोंबडी) भांबुर्डीच्या पाल्यासह मडक्यात भरून जाळावर भाजतात. ती रात्री उघड्यावर, शेतात किंवा वाडीत होते; वर सांगितलेले पातळ जाकीट त्या दिवशी कामी येते.

रोख, कागद, उपकरणे

हे थोडक्यात. रोख रक्कम हवी, कारण घाटात आणि बऱ्याच किनाऱ्यांवर मोबाइलला रेंज नसते आणि पैसे भरण्याचे ॲप तिथे थबकते. होडी, फेरीबोट, पार्किंग, नारळपाणी यांसाठी शंभराच्या आणि त्याहून लहान नोटा वेगळ्या झिपच्या पाकिटात ठेवाव्यात. वेश्वी ते बागमांडला किंवा दाभोळ ते धोपावे अशी फेरीबोट घेणार असाल तर गाडीसह पलीकडे जाता येते आणि रस्त्याचा मोठा वळसा वाचतो, पण भाड्याचे पैसे हाताशी हवेत. रस्त्याचा नकाशा घरूनच मोबाइलवर उतरवून घ्यावा. निवासाचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून ठेवावा. मोबाइल पाण्याच्या काठावर नेताना जलरोधक पाकिटात घालावा. त्यावर वाळू बसली तर ती आधी फुंकरीने उडवावी, पुसू नये, कारण वाळूचा कण घासला की काचेवर कायमचा ओरखडा उठतो. वीज जाण्याची तयारी ठेवावी, म्हणजे विजेरी आणि पॉवर बँक. वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासविणी हिवाळ्यात अंडी घालायला येतात आणि पांढऱ्या प्रखर प्रकाशाने त्या बिथरतात. तिथे रात्री किनाऱ्यावर विजेरी मारत फिरू नये. पाहायचेच असेल तर स्थानिक कासवमित्रांना विचारून, ते सांगतील त्याप्रमाणेच जावे.

काय घरी ठेवावे

हवा भरून फुगवायची ट्यूब, गादी आणि रबरी होडी कृपया नेऊ नयेत. मुलांना त्या हव्या असतात आणि दुकानदार त्या सुरक्षिततेचे साधन म्हणून विकतात, परंतु सकाळी वाहणारे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे जातात. ट्यूबवर बसलेले मूल बघता बघता आत ओढले जाते आणि त्या वेळी समुद्र शांत दिसत असल्याने कुणाचे लक्षही नसते. मुलांना फावडे, बादली, चेंडू द्यावा. सोन्याचे दागिने, विशेषतः पाण्यात बोटांतून सैल होणाऱ्या अंगठ्या, घरी ठेवाव्यात. काचेच्या बाटल्या, केस वाळवण्याचे यंत्र, इस्त्री आणि तिसरे स्वेटर यांनाही रजा द्यावी. स्पीकर नेण्याविषयी मी काही सांगत नाही. शेजारच्या खोलीतले सांगतील.

भरण्याचा क्रम

सामान वस्तूंच्या प्रकाराप्रमाणे न भरता वापराच्या क्रमाने भरावे. आदल्या रात्री पलंगावर सारे मांडून त्याचे चार गठ्ठे करावेत. पहिला गठ्ठा सर्वांत उशिरा लागणारा: झोपायचे कपडे आणि दुसऱ्या दिवसाचे जोड; तो मोठ्या बॅगेच्या तळाशी. दुसरा पहिल्या दिवसाच्या कोरड्या कपड्यांचा. तो त्याच्या वर. मुलांचे जोड घडी न करता गुंडाळावेत: सदरा पसरून त्यावर चड्डी, बनियन आणि आतले कपडे ठेवून वळकटी करावी आणि रबर लावावे, म्हणजे ओल्या, कुडकुडणाऱ्या मुलाला कपडे देताना अख्खी बॅग उपसावी लागत नाही. तिसरा गठ्ठा समुद्राचा: पाण्यातले कपडे, पंचे, सनस्क्रीन, टोप्या, पावडर, रिकाम्या पिशव्या, दोरी-चिमटे. तो वेगळ्या पिशवीत, डिकीत सर्वांत शेवटी टाकायचा, कारण पोहोचल्यावर खोलीची किल्ली हातात येण्यापूर्वी मुले समुद्राकडे धावलेली असतात. दुपारी बारानंतर खोली मिळणाऱ्या ठिकाणी सकाळी दहाला पोहोचलात तर याच पिशवीवर दोन तास निघतात.

चौथा गठ्ठा हाताशी ठेवायचा: पाणी, खाऊ, गाडी लागल्यावरच्या पिशव्या, औषधे, पैसे, कागद, मोबाइलची चार्जिंग वायर. पाठीवरची सॅक याला सोयीची, कारण किल्ल्यावर होडीतून उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात. स्वारगेटहून एसटीने जाणाऱ्यांनी दोन मोठ्या बॅगांऐवजी प्रत्येकी एक मध्यम सॅक करावी. ती वरच्या फळीवर मावते आणि तालुक्याच्या गावाहून पुढे किनाऱ्याच्या गावाला जाणाऱ्या गाडीत किंवा रिक्षात चढताना ओझे वाटून जाते.

परतीची जागा

बॅगेचा पाव भाग मोकळा ठेवून निघावे आणि दुमडलेली एक रिकामी पिशवी तळाशी टाकावी. कोकणातून रिकाम्या हाताने कुणी परतत नाही: आमसुले, कोकम आगळ, फणसपोळी, आंबापोळी, काजूगर, कुळथाचे पीठ, तळलेले गरे असे काहीतरी निघतेच. आगळाची बाटली विकत घेतल्यावर झाकणाखाली पातळ प्लास्टिकचा तुकडा ठेवून झाकण पुन्हा पिळावे, बाटली जाड पिशवीत बांधावी आणि डिकीत वाळूच्या पिशवीशेजारी उभी टेकवावी, कपड्यांच्या बॅगेत कधीही नाही. आगळाचा डाग निघत नाही. सुके बोंबील किंवा सुकट घेणार असाल तर घरून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा न्यावा आणि तो वर्तमानपत्रात गुंडाळावा, अन्यथा पुण्यापर्यंत गाडीच्या काचा खाली ठेवाव्या लागतील, आणि ताम्हिणी चढेपर्यंत संध्याकाळ झालेली असते, तेव्हा त्या कापडी पिशवीतले स्वेटर बाहेर काढण्याची वेळ येते.